पीई १२ दिसतोय, घेऊ का?

या वेळच्या पत्रांमध्ये निम्मी पत्रं एकाच गोष्टीवर आली, चिप बनवायची मशिनं बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर. सगळी छापता येणार नाहीत, चार घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, बाकीची थोडक्यात उरकलीत.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मेकॅनिकल इंजिनियर, रिटायर होऊन दोन वर्षं झाली. मशीन मला कळतं, बॅलन्स शीट अर्धवट कळते. चिपच्या कारखान्यांना मशिनं पुरवणारी एक लिस्टेड कंपनी मी सहा महिने बघतोय, नाव छापू नका. गेल्या वर्षी विक्री रेकॉर्ड, नफा रेकॉर्ड, कर्ज जवळपास नाहीच, आणि पीई, म्हणजे शेअरचा भाव भागिले शेअरमागचा वर्षाचा नफा, फक्त १२. तिचाच पाच वर्षांचा सरासरी पीई २२ आहे. म्हणजे इतकी चांगली कंपनी जवळजवळ निम्म्या भावात मिळतेय असं मी धरून चाललोय, पण मुलगा म्हणतो बाबा थांबा. कोण बरोबर? आणि अशा कंपनीत नक्की बघायचं काय?

उत्तर : मुलगा बरोबर असावा असं मला वाटतं, फक्त त्याला कारण विचारून घ्या, कारण मुलं हल्ली सगळ्यालाच बाबा थांबा म्हणतात.

आधी माझी फजिती सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी अशीच एक मशीनवाली कंपनी घेतली होती, नाव जाऊ दे. पीई ९ होता आणि मला वाटलं बाजाराला दिसत कसं नाही हे. दीड वर्षात भाव निम्मा झाला आणि पीई झाला ३०, म्हणजे शेअर पडला आणि पडून महाग झाला. मी दोन दिवस वेबसाइटवरचे आकडे परत परत तपासत बसले की कुठे टायपिंगची चूक आहे का. चूक कुठेच नव्हती, भाव पडला त्याच्यापेक्षा नफा जोरात पडला होता. पीई काढताना खाली जो नफा असतो तो गेल्या वर्षीचा असतो आणि शेअरचा भाव पुढच्या वर्षीच्या भीतीवर ठरत असतो, ह्या दोघांची गाठ या धंद्यात फार क्वचित पडते.

आता असं का होतं ते बघा. समजा चिपची मागणी वाढली, सगळ्या चिप कंपन्यांना एकाच वेळी वाटतं की आपण कमी पडतोय, सगळ्याजणी एकदम मशिनं मागवतात, ती यायला आणि बसायला वर्ष-दीड वर्ष जातं, आणि सगळी मशिनं एकदम सुरू झाली की बाजारात चिप जास्त होतात आणि भाव कोसळतो. मग चिप कंपनीची विक्री समजा वीस टक्के घटते. पण मशीनवाल्याचं काय? चिप कंपनीने त्या वर्षी एकही नवं मशीन घेतलं नाही तरी तिचा कारखाना चालतोच, आहेत ती मशिनं कुठे पळून जात नाहीत. म्हणून गिऱ्हाइकाला सर्दी झाली की मशीनवाल्याला थेट न्यूमोनिया. सेमी ही या उद्योगाची संघटना दरवर्षी जगभरातल्या मशीन विक्रीचा आकडा देते, तो २००७ मध्ये साधारण ४३ अब्ज डॉलर होता आणि २००९ मध्ये १६ अब्ज. दोन वर्षांत साठ टक्क्यांहून जास्त साफ. एएसएमएल, चिपवर प्रकाशाने नक्षी छापायची मशिनं करणारी डच कंपनी, जिला आज सगळे डोक्यावर घेऊन नाचतात, तिची विक्री २००९ मध्ये १.६ अब्ज युरोवर आली आणि त्या वर्षी ती तोट्यात होती. पुढच्याच वर्षी विक्री ४.५ अब्ज आणि नफा एक अब्जाच्या वर. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, आणि दोघींचे दिवस फार लवकर लवकर बदलतात.

नफा विक्रीपेक्षा जास्त का उड्या मारतो ते एका मनाने रचलेल्या उदाहरणावर बघू, टॅक्स सोडून देते. तेजीत कंपनीची विक्री १००. त्यातला माल-मजुरीचा खर्च विक्रीबरोबर कमीजास्त होणारा, तो ४५. संशोधन, इमारती, पगार असा काहीही झालं तरी होणारा खर्च २५. नफा ३०. शेअरची एकूण किंमत ३६०, म्हणजे पीई १२, तुमच्या कंपनीसारखाच. आता मंदीत विक्री ६० झाली. माल-मजुरी २७, ठरलेला खर्च तोच २५, नफा उरला ८. भाव तिथेच राहिला तर पीई ४५! आणि मधलं, धड तेजी नाही धड मंदी नाही असं वर्ष घेतलं, विक्री ८०, तर नफा १९ आणि पीई १९. कंपनी तीच, भाव तोच, पण बघायला आलेला माणूस कुठल्या वर्षी आला यावर तिचा पीई १२, १९ किंवा ४५. त्यामुळे "पाच वर्षांचा सरासरी पीई २२" या आकड्यावर जाऊ नका, त्या पाच वर्षांत एखादं मंदीचं वर्ष असेल तर त्याने सरासरी फुगवलेली असते आणि तुम्ही फुग्याशी तुलना करताय.

म्हणून पहिलं काम असं करा, दहा वर्षांची विक्री आणि ऑपरेटिंग मार्जिन, म्हणजे विक्रीतला किती टक्के धंद्याचा नफा म्हणून उरला, एका कागदावर लिहून काढा. पाच नको, दहाच घ्या, म्हणजे त्यात निदान दोन मंद्या येतील. सरासरी मार्जिन काढा आणि मग ते आजच्या विक्रीवर लावू नका, कारण आजची विक्रीसुद्धा शिखरावरची असू शकते. गेल्या तीन-चार वर्षांच्या सरासरी विक्रीवर लावा. जो नफा येईल त्यातून टॅक्स काढून जे उरेल त्याने आजच्या बाजारमूल्याला, म्हणजे सगळ्या शेअरच्या एकूण किमतीला, भागा. हा आकडा १९-२० आला तर तुमची कंपनी निम्म्या भावात नाहीये, ठीकठाक भावात आहे, आणि मग प्रश्न वेगळाच होतो. एक कबूल करते, गेल्या पंधरा वर्षांत हा धंदाच मोठा झालाय, २०१९ ला साधारण ६० अब्ज डॉलर होता तो २०२४ ला ११७ अब्ज, त्यामुळे जुनी सरासरी लावली की वाढणाऱ्या कंपनीवर थोडा अन्याय होतो. होऊ दे. अन्याय करून सुद्धा स्वस्त निघाली तर मग बोलू.

दुसरं काम, आणि माझ्या मते हेच खरं काम, ते म्हणजे या कंपनीचा अहवाल बाजूला ठेवून तिच्या गिऱ्हाइकांचे अहवाल वाचणं. मशीनवाल्याची विक्री म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी भांडवली खर्च, ज्याला सगळे कॅपेक्स म्हणतात. आणि असा खर्च करणारे जगात मोजून पाच-सहा मोठे, टीएसएमसी, सॅमसंग, इंटेल, एसके हायनिक्स, मायक्रॉन, आणि हल्ली चीनमधल्या कंपन्या. टीएसएमसी दर जानेवारीत सांगते की या वर्षी किती खर्च करणार. जानेवारी २०२२ मध्ये ती म्हणाली ४० ते ४४ अब्ज डॉलर, ऑक्टोबरमध्ये तोच आकडा ३६ वर आणला, २०२३ मध्ये ३० च्या आसपास. आता बघा, एका गिऱ्हाइकाने वर्षाच्या मधे चारपाच अब्ज खिशात परत टाकले की ते कोणाच्या तरी विक्रीतून जाणारच ना. हे आकडे कोणालाही फुकट मिळतात, पण लोक मशीनवाल्याच्या तिमाही निकालाची वाट बघत बसतात जिथे ही बातमी सहा महिन्यांनी शिळी होऊन पोचते.

त्यातही गिऱ्हाईक मेमरीवालं, म्हणजे माहिती साठवायच्या चिप करणारं, का लॉजिकवालं, म्हणजे हिशोब करणाऱ्या चिप करणारं, ते बघा. मेमरी चिप म्हणजे बाजारातला कांदा-बटाटा, कोणाचीही घ्या सारखीच, त्यामुळे भाव खाली आला की मेमरीवाले खर्च एकदम बंद करतात. लॅम रिसर्च एचिंग आणि डिपॉझिशनची मशिनं करते, म्हणजे थर कोरायची आणि थर चढवायची, आणि थरावर थर रचून केलेली नँड मेमरी हे तिचं मोठं गिऱ्हाईक. तिची डिसेंबर २०२२ च्या तिमाहीची विक्री ५.३ अब्ज डॉलरच्या जवळ होती, जून २०२३ ला ३.२ अब्ज. सहा महिन्यांत! आणि कंपनीने काही बिघडवलं नव्हतं, मशिनं तीच, माणसं तीच. त्याच काळात केएलए, जी तपासणीची आणि मोजमापाची मशिनं करते, तिला एवढा दणका बसला नाही. त्यामुळे कंपनी चिपच्या कुठल्या पायरीवर उभी आहे आणि ती पायरी कोण चढतंय, हे तुम्ही इंजिनियर आहात तर माझ्यापेक्षा लवकर शोधाल, आणि माझ्या मते तुमचा खरा फायदा तिथेच आहे.

आता ऑर्डर बुक. पूर्वी बुक-टू-बिल नावाचा एक आकडा यायचा, आलेल्या ऑर्डर भागिले पाठवलेला माल, एकाच्या वर असला की लोक खूश. सेमीने तो २०१७ च्या सुरुवातीला बंद केला. मला विचाराल तर एका तिमाहीच्या ऑर्डरवरून निष्कर्ष काढणं म्हणजे एका चेंडूवरून मॅच सांगणं. एएसएमएलचंच घ्या, ऑक्टोबर २०२४ मध्ये निकाल चुकून एक दिवस आधी वेबसाइटवर पडले, बुकिंग, म्हणजे नव्या ऑर्डर, २.६ अब्ज युरो, बाजाराला अपेक्षा होती पाचच्या वर, शिवाय २०२५ च्या विक्रीच्या अंदाजाचं वरचं टोक ४० वरून ३५ अब्जावर आणलेलं, त्या एका दिवसात शेअर साधारण १६ टक्के खाली. पुढच्याच तिमाहीत बुकिंग ७ अब्जाच्या वर. जिथे एकेका मशीनची किंमत शेकडो मिलियन युरोत जाते तिथे चार सह्या पंधरा दिवस पुढे गेल्या की तिमाही बदलते. शेवटी कंपनीनेच सांगून टाकलं की २०२६ पासून बुकिंगचा तिमाही आकडा देणार नाही. मी चार तिमाह्यांची बेरीज बघते. आणि ऑर्डरपेक्षा गिऱ्हाइकाने भरलेला अ‍ॅडव्हान्स जास्त बघते, कारण अ‍ॅडव्हान्स नसलेली ऑर्डर म्हणजे बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी, मंदी आली की ती "पुढे ढकलली" जाते आणि पुढे म्हणजे कधी ते कोणी सांगत नाही.

बॅलन्स शीट अर्धवट कळते म्हणालात, तर सगळी वाचायची गरज नाही, तीन ओळी पुरे. एक, इन्व्हेंटरी. विक्री दहा टक्क्यांनी वाढली आणि माल पडून राहिलेला चाळीस टक्क्यांनी वाढला तर विचारा का. कधी कधी कारण चांगलं असतं, नव्या मशीनचे सुटे भाग भरून ठेवलेले असतात. पण व्यवस्थापन दोन तिमाह्या एकच कारण सांगत असेल तर माझा कान उभा राहतो. दोन, येणी. विक्रीपेक्षा येणी पळायला लागली म्हणजे तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात माल ढकलला जातोय किंवा गिऱ्हाईक पैसे द्यायला रेंगाळतंय, दोन्ही वाईटच. तीन, विक्री कधी धरली. हे तुम्हाला लगेच कळेल, एफएटी म्हणजे कारखान्यातून निघायच्या आधीची टेस्ट, ती तुम्ही आयुष्यभर केली असेल. २०२२ च्या आसपास गिऱ्हाइकांना इतकी घाई होती की एएसएमएलने ती टेस्ट बरीचशी गाळून मशिनं सरळ पाठवायला सुरुवात केली, टेस्ट गिऱ्हाइकाच्या जागेवर. पण मग नियमाप्रमाणे गिऱ्हाइकाने तिथे स्वीकारल्याशिवाय विक्री धरता येत नाही, त्यामुळे मशीन गेलं या तिमाहीत आणि विक्री दिसली पुढच्या. ज्यांनी तळटीप वाचली नाही त्यांना वाटलं मागणी कमी झाली. उलटं पण होऊ शकतं, कंपनी स्वीकृतीच्या आधीच विक्री धरत असेल तर आकडे आज छान आणि उद्या वाईट. अहवालात महसूल कधी धरतो हा परिच्छेद असतोच, कंटाळवाणा असतो, पण वाचा.

सर्व्हिसबद्दल सगळे गोड बोलतात की मंदीतही सर्व्हिसचा पैसा येत राहतो. अर्धं खरं. लॅमची जून २०२४ ला संपलेल्या वर्षात एकूण विक्री १४.९ अब्ज डॉलर, त्यातले ६ अब्जाच्या आसपास सर्व्हिस, सुटे भाग, अपग्रेड यातून आले, म्हणजे चाळीस टक्के, हा मोठा आधार आहे. पण त्यात सुटे भाग आहेत, आणि कारखाना अर्धाच चालू असेल तर भाग कमी झिजतात. त्यात अपग्रेड आहेत, आणि अपग्रेडसुद्धा गिऱ्हाईक पुढे ढकलू शकतं. त्या वर्षी हा आकडा पण आदल्या वर्षीपेक्षा खाली होता. नव्या मशीनइतका पडत नाही एवढंच. करारावर ठरलेला मेंटेनन्स किती आणि बाकी किती, हे वेगळं दिलं असेल तर बघा.

आणि संशोधनाचा खर्च. कुठलीतरी मंदीची तिमाही काढा आणि बघा तेव्हा कंपनीने संशोधन कापलं का. कापून नफा दाखवला असेल तर ती मला नको, कारण या धंद्यात पुढची पिढी चुकली की गिऱ्हाईक दहा वर्षं परत येत नाही, एकदा का एखाद्या मशीनवर चिपची रेसिपी बसली की ते मशीन बदलायला कोणी धजावत नाही, यील्ड, म्हणजे धड निघणाऱ्या चिपचं प्रमाण, बिघडेल या भीतीने. हीच भीती चांगल्या कंपनीचं कुंपण आहे आणि बाहेर राहिलेल्याची भिंत. एएसएमएलने २०२४ मध्ये संशोधनावर ४.३ अब्ज युरो घातले, विक्रीच्या पंधरा टक्के.

तर आता तुमच्याकडे काम आहे, कागद घ्या आणि दहा वर्षं मांडा, मुलालाही शेजारी बसवा. आकडा काय आला ते कळवा, नाव न छापता छापू.

प्रश्न : मी नोकरी करते, महिन्याला थोडे थोडे शेअर घेते. एक छोटी कंपनी सापडलीय, एकाच प्रकारचं मशीन बनवते, विक्री दोन वर्षांत तिप्पट. अहवालात लिहिलंय एका गिऱ्हाइकाकडून ५५ टक्के विक्री आणि जवळजवळ सगळी विक्री एकाच देशात. छोटी आहे म्हणून वाढायला जागा आहे ना?

उत्तर : वाढायला जागा आहे तेवढीच पडायलाही आहे. आयक्स्ट्रॉन नावाची जर्मन कंपनी आहे, तिचा किस्सा ऐका. ती एमओसीव्हीडी नावाची मशिनं करते, एलईडी दिव्यांच्या चिपवर थर चढवायची. २०१० च्या आसपास टीव्हीत आणि दिव्यांत एलईडी घुसलं आणि चीनमधल्या स्थानिक सरकारांनी हे मशीन घेणाऱ्याला घसघशीत सबसिडी द्यायला सुरुवात केली. मग काय, ज्याला दिवा बनवता येत नाही त्यानेही मशीन घेतलं. आयक्स्ट्रॉनची विक्री २०१० मध्ये ७८४ मिलियन युरो. २०१२ मध्ये? २२८. आणि मोठा तोटा. अमेरिकेतली विको, तिची स्पर्धक, तिचंही तेच झालं, म्हणजे मॅनेजमेंट वाईट होतं असंही म्हणता येत नाही. मागणी दिव्यांची नव्हती, सबसिडीची होती, आणि सबसिडी संपली.

तेव्हा तिप्पट झालेली विक्री बघून विचारायचं ते एवढंच की हे मशीन घेणारा ते चालवून पैसे कमावतोय का. घेतलेली मशिनं पूर्ण क्षमतेने चालतायत का. खोक्यात पडून असतील तर पुढची ऑर्डर येणार नाही. ५५ टक्क्यांचं गिऱ्हाईक स्वतः लिस्टेड असेल तर त्याचे निकाल तुम्हाला मिळतील, नसेल तर तुम्ही अंधारात आहात हे मान्य करा. अमेरिकेत लिस्ट असलेल्या कंपन्यांना दहा टक्क्यांहून जास्त विक्री देणारं गिऱ्हाईक आहे हे सांगावंच लागतं, तर पाच वर्षांचे अहवाल घेऊन बघा की ही मोठी गिऱ्हाइकं तीच राहतात का दरवर्षी नवी असतात. दरवर्षी नवी असली तर मला जास्त भीती वाटते, म्हणजे एकदा घेऊन कोणी परत येत नाहीये.

एका देशाचं म्हणाल तर तो धोका मोठ्यांनाही आहे. अमेरिकेने ऑक्टोबर २०२२ मध्ये चीनला मशिनं द्यायवर बंधनं घातली, २०२३ मध्ये जपान आणि नेदरलँड्सनेही. आता गंमत बघा, बंधनं आल्यावर चीनची खरेदी कमी व्हायच्या ऐवजी वाढली, कारण जे अजून मिळतंय ते आधी भरून ठेवा. २०२४ मध्ये चीनने जवळजवळ ५० अब्ज डॉलरची मशिनं घेतली, जगातल्या विक्रीच्या चाळीस टक्क्यांहून जास्त. एएसएमएलच्या मशीन विक्रीत २०२४ च्या पहिल्या दोन्ही तिमाह्यांत चीनचा वाटा ४९ टक्के होता. त्यातली साठेबाजी किती आणि खरी गरज किती हे कुठल्याच अहवालात लिहिलेलं नसतं. अशा विक्रीला मी पूर्ण भाव देत नाही, हिशोबात अर्धीच धरते. तुम्हाला जास्त वाटत असेल तर सत्तर टक्के धरा, पण शंभर धरू नका. आणि या एका कंपनीत महिन्याचे सगळे पैसे घालत असाल तर ते आजच थांबवा.

प्रश्न : एएसएमएलला स्पर्धाच नाही. मोनोपॉली आहे तर कुठल्याही भावाला घेऊन ठेवलं तरी काय बिघडतं?

उत्तर : ईयूव्ही, म्हणजे अगदी आखूड लहरींच्या अतिनील प्रकाशाने चिप छापायची मशिनं, जगात फक्त तीच करते हे खरंय. आणि ते मशीन म्हणजे चमत्कारच आहे, कथलाचे वितळलेले थेंब सेकंदाला ५०,००० वेळा लेझरने उडवायचे आणि त्यातून १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश काढायचा, तो हवेतही शोषला जातो म्हणून सगळं निर्वातात आणि भिंगं चालत नाहीत म्हणून आरशांवर. उद्या उठून कोणी हे करेल असं मलाही वाटत नाही.

पण मोनोपॉली कंपनीची असते, तुम्ही दिलेल्या भावाची नसते. हा शेअर जुलै २०२४ मध्ये १,००० युरोच्या वर होता आणि एप्रिल २०२५ मध्ये ६०० च्या खाली, मधल्या काळात मोनोपॉली कुठेही गेली नव्हती, स्पर्धक पण आला नव्हता. आणि मोनोपॉली असली तरी गिऱ्हाईक "या वर्षी नको" म्हणू शकतंच.

शिवाय थोडा इतिहास. १९९० च्या दशकात या धंद्यात निकॉन आणि कॅननचा दबदबा होता, एएसएमएल म्हणजे १९८४ मध्ये फिलिप्सच्या आवारातल्या शेडमध्ये सुरू झालेलं एक नाजूक प्रकरण. मग भिंग आणि वेफर, म्हणजे ज्यावर चिप छापतात ती सिलिकॉनची चकती, यांच्या मधे पाणी ठेवायची कल्पना आली, एएसएमएलने ती लवकर उचलली, निकॉन मागे राहिली आणि पुढे ईयूव्हीच्या शर्यतीतूनही बाहेर पडली. तेव्हा निकॉन घेणाऱ्यालाही कोणीतरी सांगितलंच असणार की डोळे मिटून घे. ईयूव्ही यायला पण किती वर्षं लागली बघा, २०१२ मध्ये इंटेल, टीएसएमसी आणि सॅमसंग या गिऱ्हाइकांनीच कंपनीचे मिळून २३ टक्के शेअर घेऊन पैसे पुरवले, आणि मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू व्हायला २०१९ उजाडलं. वाट बघणाऱ्याला फळ मिळालं, पण वाट बघताना प्रत्येक वर्षी "पुढच्या वर्षी" ऐकावं लागलं, ते तुम्हाला झेपेल का हे स्वतःला विचारा.

माझं मत विचाराल तर चांगली कंपनी, मंदीच्या बातम्यांत घ्यायची, आणि तीही एकदम नाही, तीन-चार हप्त्यांत.

प्रश्न : दोन मोठ्या मशीन कंपन्या एकत्र येणार अशी कुजबुज आहे. आधीच घेऊन ठेवू का, डील झाली की भाव वाढेल.

उत्तर : नको. अप्लाइड मटेरियल्स आणि टोकियो इलेक्ट्रॉनने २०१३ मध्ये लग्न ठरवलं, एप्रिल २०१५ मध्ये मोडलं, अमेरिकेचं न्याय खातं मानेना. लॅम आणि केएलएने ऑक्टोबर २०१५ मध्ये ठरवलं, वर्षभरात मोडलं. अप्लाइडने मग २०१९ मध्ये जपानची कोकुसाई इलेक्ट्रिक घ्यायचं ठरवलं, चीनची परवानगी वेळेत आली नाही, मार्च २०२१ मध्ये तेही बारगळलं. गिऱ्हाइकं पाच-सहाच, पुरवणारेही पाच-सहाच, त्यात दोघे एक झाले तर गिऱ्हाईक ओरडणार आणि प्रत्येक देशाचं सरकार मधे पडणार. लॅमने २०१२ मध्ये नोव्हेलस घेतली ती जमली, कारण दोघींची मशिनं एकमेकींशी फारशी भिडत नव्हती. तुमच्या कुजबुजीतल्या दोन कंपन्या एकच मशीन विकतात का वेगवेगळी, एवढं बघा, आणि एकच विकत असतील तर पत्र फाडून टाका.